तुरुंगाच्या वह्या वाचताना

नाशिकचा तुरुंग म्हटलं की 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजींनी ती तिथे १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली. त्याच काळात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी तिथे कैदेत होते. पुढे १९३४ मध्ये निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बोलणी याच तुरुंगात झाली. या मंडळींवर लिहायला आठवणी आहेत, पत्रं आहेत, चरित्रं आहेत. पण त्याच भिंतींच्या आत चोरीमारीसाठी सक्तमजुरी भोगणाऱ्यांचं काय? त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्यापर्यंत जायचं तर तुरुंगाच्या वह्यांतूनच.

वह्या उघडण्याआधी १८९४ चा तुरुंग कायदा वाचा. (मी उलट केलं आणि बराच वेळ घालवला.) कोणत्या वह्या ठेवायच्या ते कलम १२ सांगतं: दाखल कैदी, सुटकेच्या तारखा, शिक्षा, भेटीला आलेल्यांचे शेरे, कैद्याकडून काढून घेतलेले पैसे नि वस्तू. म्हणजे माणूस फाटकातून आत येण्याआधीच त्याचे रकाने आखलेले असत.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते कलम ३५. कामावरच्या कैद्याचं वजन पंधरवड्यातून निदान एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर लिहायचं. कामानं तब्येत ढासळतेय असं डॉक्टरांना वाटलं तर ते काम बंद करायचं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात वजन उतरत गेलं आणि काम तेच राहिलं, असं कुठे दिसलं तर तिथे थांबा. लगेच निष्कर्ष मात्र काढू नका. हिवताप असेल, जुलाब असतील. दवाखान्याच्या नोंदी शेजारी ठेवूनच बोला.

शिक्षांच्या वहीत गुन्हा, तारीख, शिक्षा, आधीचे गुन्हे असं सगळं लिहायचं असे. कैद्याचं म्हणणं मात्र फटक्यांची शिक्षा असेल तेव्हाच लिहायचं, एरवी त्यासाठी रकाना नाही. 'जाणूनबुजून कामचुकारपणा' हा कलम ४५ प्रमाणे तुरुंगातला गुन्हा. पण 'जाणूनबुजून' हा शब्द कोणाचा? शिक्षा देणाऱ्याचा. तो माणूस आळशी होता, आजारी होता, की मुद्दाम काम टाकून बसला होता, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. म्हणून शिक्षेची तारीख घ्या आणि त्याच पंधरवड्यातलं वजन बघा. जुळवाजुळव नावावरून करू नका, एका नावाचे चारजण निघतात. शिक्षांच्या वहीत कैद्याचा रजिस्टर क्रमांक असतो, तो धरून चला.