वैमानिकांच्या स्वाक्षऱ्या

थोरांची स्वाक्षरी संग्रहीं ठेवण्याची हौस जुनीच; विमानें उडूं लागल्यावर तिला नवें क्षेत्र लाभलें. वैमानिकाचें छायाचित्र व त्यावर त्याच्या हातची सही मिळाली, म्हणजे संग्राहकाला आकाशच हातीं आल्यासारखें वाटे. तथापि अशा चित्राचें मोल केवळ चेहऱ्यांत नसतें. तें कोठून, केव्हां व कोणत्या वाटेनें आलें, याच्या पुराव्यांतही असतें.

याचें एक आद्य उदाहरण हिंदुस्थानांतलेंच आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीस सुमारें ६,५०० पत्रें विमानानें नेलीं. अंतर अवघें सहा मैल. पत्रांवर उड्डाणाचा खास शिक्का होता. थोड्यांवर पेकेची सहीही होती. शिक्क्यानें दिवस कळतो, सहीनें माणूस. दोन्ही मिळून इतिहास होतो.

कधीं सहीही वैमानिकाबरोबरच जाते. जून १९३७ मध्यें अमेलिया इअरहार्ट पृथ्वीप्रदक्षिणा करतांना कराचीहून कलकत्त्यास गेली. विमानांत संग्राहकांसाठीं टपालाचीं पाकिटें होतीं. सहीच्या पाकिटास पांच डॉलर, बिनसहीच्यास अडीच. २ जुलैला पॅसिफिकवर विमान नाहींसें झालें, आणि पाकिटेंही गेलीं.

वऱ्हाड या आकाशमार्गांपासून दूरच राहिलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें. तेथून तें बल्लारीवरून मद्रासेस गेलें. अकोल्याचें पत्र मुंबईस जाई तें आगगाडीनें, अमरावतीचें बडनेऱ्याच्या फांट्यानें. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी १९४३ सालीं झाली. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची नियमित विमानसेवा १६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झाली. तोंवर येथील हौशी माणसाला वैमानिक गांठावयाचा, तर पोस्टमनच्या पिशवींतूनच!

म्हणूनच येथें पाकिटाला महत्त्व. कीर्तिमंतांकडे मागण्या फार येत. त्यामुळें छापील सही किंवा चिटणिसानें केलेली सही पाठविण्याचाही प्रघात पडला. खरी शाई भिंगाखालीं दाबाप्रमाणें जाडबारीक दिसते. छापील रेघ एकसारखी असते. चिटणिसाची सही मात्र भिंगालाही फसविते. अशा वेळीं पाकिटावरचा पत्ता, धाडणाऱ्या गांवाचा शिक्का व अकोला-अमरावतीच्या टपालकचेरीची तारीख हेच साक्षीदार उरतात. पुष्कळ घरीं चित्र चौकटींत जातें आणि पाकीट रद्दींत. वऱ्हाडच्या उन्हांत भिंतीवरची शाईही हळूहळू उडते. मग मागें राहतो तो एक अनोळखी चेहरा. चित्र सावलींत ठेवावें आणि पाकीट त्याच्यापासून तोडूं नये, एवढें केलें तरी पुढच्या पिढीला त्यांतून इतिहास वाचतां येईल.