मापात पाप : मिनिट, केबी आणि २८ दिवसांचा महिना

मागच्या व्याख्यानात आपण गावच्या बाजारातल्या मापांपाशी थांबलो होतो. पायली, शेर, मण. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. घेताना मोठं माप आणि देताना लहान माप काढणारा व्यापारी आपल्या पणज्यांना चांगला ठाऊक होता. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग त्याच बाजारातला. पुढे १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला, देशभर एकच किलो आणि एकच लिटर झाला, इथपर्यंत आपण आलो होतो.

व्याख्यान संपल्यावर एका आजींनी उभं राहून विचारलं, “हे सगळं झालं, पण मला सांगा, महिना तीस दिवसांचा असताना माझा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांत कसा काय संपतो?” सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भारतात मोबाइल आला त्याला तीस वर्षं झाली. या काळात दर प्रचंड उतरले, जगात स्वस्त म्हणावेत इतके उतरले. तरीही ग्राहकाची कुरकुर थांबली नाही. का थांबली नाही? कारण ती कुरकुर दराबद्दल जितकी होती, त्याहून जास्त मापाबद्दल होती. कंपनी ज्या मापानं विकते ते माप ग्राहकाच्या हातात नसतं, आणि बऱ्याचदा त्याला दिसतसुद्धा नाही.

सुरुवातीपासून बघू. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल मानला जातो. त्या दिवसांत केलेल्या कॉलला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडायचे, आणि आलेल्या कॉललाही पैसे लागायचे. समोरच्यानं चुकीचा नंबर लावला तरी भुर्दंड आपल्याला! १ मे २००३ पासून ‘ज्यानं फोन केला त्यानं पैसे द्यायचे’ ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग फुकट झालं. मिस्ड कॉलचं युग खऱ्या अर्थानं बहरलं ते यानंतर. “पोचलास की एक मिस्ड कॉल दे” हे वाक्य ज्यांच्या घरात ऐकलं गेलं नाही, असं घर विरळा.

पण मिनिटाची गंमत तेव्हाही शिल्लक होती. तुम्ही एकसष्ट सेकंद बोललात, तर पैसे दोन मिनिटांचे. बोललात एकसष्ट, मोजले एकशेवीस. २००९ साली टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला, आणि काही महिन्यांत बाकीच्या कंपन्यांना त्याच वाटेनं जावं लागलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मिनिटाला साठ पैसे हा काही फार स्वस्त दर नव्हता. लोकांना भावलं ते माप. जितकं बोललो तितकंच मोजलं, हा हिशेब कुणालाही तोंडी करता येत होता.

दुसरं माप होतं अंतराचं. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबईचं सर्कल वेगळं, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. त्यामुळे मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की वाटेतच त्याचं रोमिंग सुरू व्हायचं. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत बोलत असताना फोनला मात्र आपण परगावी. बालेवाडीत राहणाऱ्या बहिणीकडे जाताना फोन बंद करून ठेवणारी माणसं आमच्या पाहण्यात आहेत.

आणि तिसरं माप होतं आयुष्याचं. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना आल्या. ९९९ रुपये एकदाच भरा आणि जन्मभर इनकमिंगची चिंता नाही. आता आयुष्य कुणाचं? ग्राहकाला वाटलं, माझं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ निघाला, कंपनीच्या परवान्याची मुदत असेल तोवर. पुढे कित्येक कंपन्या बंद पडल्या, विकल्या गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. ३५ रुपयांचा, २८ दिवसांचा रिचार्ज केला नाही तर सेवा बंद. तेव्हा खिशात लाइफटाइम सिम बाळगणाऱ्या लोकांना कळलं की ती जाहिरात आपल्या आयुष्याबद्दल नव्हतीच.

आता येऊ डेटाकडे, म्हणजे आजच्या मुख्य विषयाकडे.

बोलण्याचं एक बरं असतं. आपण बोलतोय हे आपल्याला कळतं. डेटाचं तसं नाही. फोन खिशात असतो आणि आतली अ‍ॅप्स आपापली कामं करत राहतात. खर्च करणारा आपला हातच नाही. त्यात २०१० च्या आसपासचा नेहमीचा दर पाहा: १० केबीला १० पैसे. ऐकायला किती किरकोळ! दहा पैशांत हल्ली काय येतं? पण हिशेब मांडू. १०२४ केबी म्हणजे एक एमबी, म्हणजे १० रुपये २४ पैसे. पाच एमबीचं एक गाणं उतरवलं की ५१ रुपये. आणि १०२४ एमबी म्हणजे एक जीबी, त्याचे होतात १०,४८५ रुपये. आज आपण जेवढा डेटा चहा पिता पिता संपवतो, तेवढ्याचे दहा हजार. जाहिरातीत तोच दर दहा पैसे म्हणून छापला जायचा. यात कुणी खोटं बोललं का? नाही. फक्त माप इतकं बारीक ठेवलं की किंमत दिसू नये. सोनं गुंजेनं विकतात ते समजू शकतो, पण ज्वारी गुंजेनं विकायला कुणी बसला तर आपण त्याला विचारू ना, बाबा रे, पायलीचा भाव सांग?

आमच्याच घरी हे घडलं. पॅक रात्री बारा वाजता संपला, फोन उशाशी होता, आणि सकाळी उठून पाहतो तर शिल्लक शून्य. ग्राहक सेवा केंद्रात फोन केला. पलीकडच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, “सर, तुमचा डेटा वापर झालेला आहे.” कसला वापर, हे त्याच्या पडद्यावर दिसत नव्हतं आणि आमच्याही.

इथे ट्राय, म्हणजे १९९७ साली स्थापन झालेलं दूरसंचार नियामक प्राधिकरण, काय करत होतं? त्याच्या नियमांकडे इतिहासाच्या नजरेनं पाहिलं तर एक धागा सापडतो. २०१२ च्या नियमांत रिचार्जच्या कुपनांना रंग दिले गेले. मूळ योजना लाल, टॉप-अप हिरवा, खास सवलत पिवळी. प्रीपेड ग्राहकाला जास्तीत जास्त ५० रुपयांत मागच्या सहा महिन्यांचा तपशीलवार हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. २०१३ साली कॉलर ट्यूनसारख्या सेवा सुरू करण्यापूर्वी दोनदा संमती घेणं सक्तीचं झालं. ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितलं गेलं की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा चालू करायची नाही, १९२५ या क्रमांकावरून ती चालू-बंद करता आली पाहिजे, आणि पॅक निम्मा, नव्वद टक्के व पूर्ण संपल्यावर संदेश गेला पाहिजे. या सगळ्यात दर कमी करा असं कुठेच म्हटलेलं नाही. तराजू ग्राहकाकडे तोंड करून ठेवा, एवढंच म्हटलं आहे.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दराचं गणितच कोलमडलं. मार्च २०१७ अखेरपर्यंत सेवा फुकट होती. नंतर दिवसाला एक जीबीसारख्या योजना रुळल्या. केबीचं माप गेलं, दिवसाचं आलं. रात्री बारानंतर न वापरलेला डेटा वाया. या योजनांना ‘अनलिमिटेड’ म्हणतात. रोजची मर्यादा संपली की इंटरनेट बंद होत नाही, हे खरं, पण वेग बहुतेक ठिकाणी ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा नीट समजून घ्या. केबीपीएसमधला बी हा बिटचा, बाइटचा नव्हे. आठ बिटांची एक बाइट. म्हणजे सेकंदाला आठ केबी. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून जास्त. सरकारनं ब्रॉडबँडची किमान व्याख्या २००४ साली २५६ केबीपीएस ठेवली, २०१३ साली ५१२ केली आणि २०२३ साली २ एमबीपीएस. म्हणजे ‘अनलिमिटेड’च्या शेपटाला मिळणारा वेग वीस वर्षांपूर्वीच्या व्याख्येतसुद्धा बसत नाही.

वेगाचा विषय निघालाच आहे तर जाहिरातींकडे वळू. ऑगस्ट २०१५ मध्ये एअरटेलनं आव्हान दिलं होतं: तुमचं नेटवर्क आमच्यापेक्षा वेगवान असेल तर जन्मभर तुमचं बिल आम्ही भरू. जाहिरातींवर देखरेख करणारी मुंबईची संस्था, अ‍ॅस्की, हिच्याकडे तक्रार गेली, आणि जाहिरात दिशाभूल करणारी आहे, ती बदला किंवा मागे घ्या, असं अ‍ॅस्कीनं सांगितलं. २०१७ मध्ये त्याच कंपनीनं ऊकला या वेग मोजणाऱ्या कंपनीच्या आधारे ‘अधिकृतरीत्या सर्वांत वेगवान’ असा दावा केला. जिओनं हरकत घेतली. दोन सिमच्या फोनमध्ये कुठल्या सिमचा वेग कुणाच्या नावावर पडतो, असा मुद्दा होता. अ‍ॅस्कीनं पुन्हा दुरुस्ती करायला सांगितलं. दुसरीकडे ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवर त्या काळात जिओ पुढे दिसत होतं. दोन काटे, दोन वजनं! आणि अ‍ॅस्की ही उद्योगानंच उभारलेली स्वनियमन संस्था. ती ‘बदला’ म्हणू शकते, दंड करू शकत नाही. तोवर जाहिरात आयपीएलच्या मधल्या ब्रेकमधून घराघरांत पोचलेली असते.

मग दाद मागायची कुठे? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्हा मंच दिले होते. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं म्हटलं की टेलिफोनच्या बिलाचा वाद जुन्या टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाकडे जाईल, ग्राहक मंचाकडे नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही. कंपनीकडे तक्रार, मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, इतकीच वाट उरली.

ही कोंडी फोडली अहमदाबादच्या एका ग्राहकानं. त्याचं सरासरी मासिक बिल ५५५ रुपये. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. २०१४ साली तो जिल्हा मंचात गेला. कंपनीचं म्हणणं एकच, हा मंच हे प्रकरण ऐकूच शकत नाही. हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं की दूरसंचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे आणि ग्राहक मंचाला हे प्रकरण ऐकता येईल. लक्षात घ्या, आठ वर्षं गेली ती ‘बिल बरोबर की चूक’ या प्रश्नावर नाही, तर ‘तक्रार ऐकायची कुणी’ या प्रश्नावर. पण त्या माणसाच्या चिवटपणामुळे आज तुमच्या-आमच्यासाठी जिल्हा आयोगाचं दार उघडं आहे.

आणि आता आजींचा प्रश्न. २८ दिवसांचा महिना धरला तर वर्षात तेरा महिने होतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. पगार बारा, पेन्शन बारा, आणि रिचार्ज तेरा. लोकांच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं आदेश काढला: प्रत्येक कंपनीनं किमान एक योजना ३० दिवसांची, आणि किमान एक अशी ठेवावी जी दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्यानं भरता येईल. म्हणजे आजी, तीस दिवसांचा महिना कायद्यानं आहे. दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही, मागावा लागतो.

जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा वाढले. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांनाही डेटा जोडलेलेच रिचार्ज घ्यावे लागत होते. न वापरण्याच्या वस्तूचे पैसे! आणि सिम बंद पडू देणं परवडत नाही, कारण बँकेचा ओटीपी, गॅसचा निरोप, सगळं त्याच नंबरवर. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलून फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली योजना ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा खास योजनांची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. पण तिची किंमत किती ठेवायची हे मात्र कंपनीवरच सोडलं.

तेव्हा जाता जाता एवढंच सांगू. दर पाहण्याआधी माप पाहा. किती दिवस, किती जीबी, मर्यादेनंतर वेग किती, हे तीन आकडे विचारा. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून ठेवा, त्याशिवाय अपील होत नाही. आणि हिशेब पटला नाही, तर जिल्हा आयोगाचा पत्ता शोधून ठेवा.

पुढच्या वेळी आपण विजेच्या मीटरबद्दल बोलू. ते माप निदान आपल्याच भिंतीवर लावलेलं असतं.