रिकाम्या रानाचा शोध

माणसाच्या हातीं वाढलेला किंवा माणसानें पकडलेला रानटी प्राणी पुनः रानांत सोडला म्हणजे पुढें त्याचें काय होतें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याला आतां साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास जमला आहे, आणि त्यांतील दोन प्रकरणें आमच्या पुलगांवापासून फार दूरचीं नाहींत. एकाचा आरंभ वर्धा नदीच्या खालच्या अंगास, पैलतीरावरील राळेगांव तालुक्यांत झाला. दुसऱ्याचा शेवट आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, कारंजा तालुक्यांत झाला. वर्तमानपत्रांतून तीं त्या त्या वेळीं गाजलीं, घरोघर दोन पक्ष पडले, आणि पुढें लोक विसरले. हीं प्रकरणें एकमेकांशेजारीं ठेवून, व त्यांच्यामागें थोडा दूरदेशचा इतिहास उभा करून वाचलीं, तर त्यांचा अर्थ निराळा लागतो असें आम्हांस वाटतें.

तो दूरदेश म्हणजे बोर्निओ. सारावाकच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख टॉम हॅरिसन यांच्या पत्नी बार्बारा यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ओरांगउटानाचीं पोरकीं पिलें आपल्या कुचिंगच्या घरीं वाढविलीं. मलय भाषेंत 'ओरांग' म्हणजे माणूस व 'हुतान' म्हणजे अरण्य. आपला 'वनमानुष' हा शब्द त्या नांवाचें सख्खें भावंडच म्हणावा. पिलूं धरावयाचें तर आधीं आईस मारावें लागतें, कारण जिवंत आई तें सोडीत नाहीं. हीं पोरकीं पिलें पुनः झाडांवर चढावीं म्हणून बाको येथील राष्ट्रीय उद्यानांत प्रयोग झाले, आणि १९६४ सालीं साबा येथील सेपिलोकच्या रानांत या कामासाठीं कायमचें केंद्र निघालें. १९७१ मध्यें बिरुटे गाल्दिकास यांनीं कालिमंतानांत व हर्मन राइक्सेन यांनीं सुमात्रांत असेंच काम आरंभिलें.

ओरांगउटानाचें पिलूं सात-आठ वर्षें आईच्या सहवासांत राहतें, आणि तेंही उगीच नव्हे. शेंकडों झाडांपैकीं कोणतें फळ केव्हां पिकतें, फळें नसतील त्या दिवसांत कोणती साल सोलून आंतला गर खावा, काळोख पडण्यापूर्वीं फांद्या वांकवून निजावयाचा माचा कसा रचावा, ही सारी विद्या त्यास पाहून पाहून शिकावी लागते. माणसानें वाढविलेल्या पिलांस आरंभीं तींतलें कांहींच येत नसे. तीं झाडावर राहण्याऐवजीं जमिनीवर उतरत, केळीं मिळतात त्या मचाणाकडे परत येत, आणि अनोळखी माणसाचाही हात धरूं पाहत. तरीसुद्धां अधिक जाणत्या सोबत्यांचें पाहून त्यांपैकीं कित्येक शिकलीं. कांहींना पुढें रानांतच पिलें झालीं. प्राण्यानें शिकावें कसें, या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें हळूहळू मिळत गेलें.

परंतु खरी अडचण दुसरीकडे होती. ज्या रानांत हीं पिलें सोडावयाचीं तें रिकामें नव्हतें. तेथें मूळचे रानटी ओरांगउटान राहत होते; त्यांच्या वांट्याची फळें या नव्या पाहुण्यांनीं खाल्लीं, आणि माणसांच्या सहवासांत जडलेले क्षयासारखे रोग त्यांच्यापर्यंत पोंचण्याचें भय निर्माण झालें. राइक्सेन यांनींच पुढें या पद्धतीवर कडक टीका केली. अखेर १९९५ सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें नियम केला कीं, जेथें रानटी ओरांगउटान आहेत तेथें असे प्राणी सोडूं नयेत. म्हणून सुमात्रांतील बुकित तिगापुलु या, ओरांगउटानांचा पूर्वींच उच्छेद झालेल्या, रानाची निवड झाली. सेपिलोकपासून या नियमापर्यंत तीस वर्षें लागलीं.

आतां आपल्याकडे वळूं. वाघाचें शिक्षण ओरांगउटानापेक्षां पुष्कळ लवकर आटोपतें. दीड-दोन वर्षांत पिलूं आईपासून वेगळें होतें. पण वाघ हा जमीनदार प्राणी आहे. तो आपली हद्द आंखतो, तिच्या खुणा करतो आणि ती राखण्यासाठीं जीव घेतो. म्हणून इंडोनेशियाचा तो नियम ओरांगउटानापेक्षां वाघालाच अधिक लागू पडतो.

मध्यप्रदेशांतील पन्ना येथें २००९ सालापर्यंत एकही वाघ उरला नव्हता. त्या वर्षीं बांधवगड व कान्हा येथून एक एक वाघीण, आणि पेंचमधून एक वाघ आणण्यांत आला. हा वाघ थोड्याच दिवसांत उठून सुमारे एक महिना आपल्या जुन्या रानाच्या दिशेनें, म्हणजे दक्षिणेकडे, चालत राहिला! त्याला पुनः पकडून आणल्यावर मग तो स्थिर झाला. पण त्याहून आश्चर्य २०११ सालचें. कान्ह्याच्या बंदिस्त आवारांत, आईवांचून वाढलेल्या दोन बहिणी त्या वर्षीं पन्नांत सोडण्यांत आल्या. त्या शिकार करून राहिल्या, त्यांस पिलें झालीं आणि त्यांनीं तीं वाढविलीं. त्यांच्या हुशारीचें श्रेय त्यांस द्यावेंच. परंतु ज्या रानांत त्या उतरल्या त्यांत जागा धरून बसलेले वाघ बोटांवर मोजण्याइतकेच होते, हें विसरतां येत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत नेमकें उलट घडलें. चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरीच्या भागांत माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण जुलै २०१७ मध्यें पकडली गेली. तिच्या गळ्यांत रेडिओ कॉलर बांधून २९ जुलै रोजीं तिला बोर व्याघ्रप्रकल्पांत सोडण्यांत आलें. हिला शिकार शिकविण्याचा प्रश्नच नव्हता. ती रानांत जन्मलेली व वाढलेली होती. परंतु २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेल्या या बोरचें क्षेत्र अवघें १३८ चौरस किलोमीटर, आणि तेथें आधींपासूनच वाघांची वस्ती. वाघीण तेथें टिकली नाहीं. पुढील ७६ दिवसांत ती सुमारे ५०० किलोमीटर चालली. तिच्या वाटेंत झुडपी जंगल, नाले, हमरस्ते, आणि वाघाच्या उंचीपर्यंत वाढलेलीं कपाशीचीं व तुरीचीं शेतें होतीं. ज्यांनीं हीं शेतें पावसाळ्याच्या अखेरीस पाहिलीं असतील त्यांस हें सांगावयास नको कीं, चार हातांवर उभा असलेला बैलसुद्धां त्यांत दिसत नाहीं. या वाटचालींत दोन माणसें तिच्या पंजाखालीं मेलीं. तिला गोळी घालण्याचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागण्यांत आली. न्यायालयांत कायद्याचा खल चालला, गांवोगांव निंदणावेचणीच्या बायका घोळक्यानें शेतांत जाऊं लागल्या, आणि कॉलरच्या खुणा नकाशावर पुढें पुढें सरकत राहिल्या.

गोळीची पाळी आलीच नाहीं. १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं कारंजा तालुक्यांतील सिंदीविहिरीच्या शिवारांत, शेताच्या कुंपणांत सोडलेल्या विजेचा धक्का बसून ती मरण पावली. असें कुंपण बेकायदा आहे हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. पण रानडुकरांनीं व रोह्यांनीं एका रात्रींत वर्षाचें पीक तुडविलें म्हणजे सावकाराचा तगादा कायद्याहून जवळ असतो.

दुसरें प्रकरण पैलतीराचें. राळेगांव तालुक्यांत बोराटीच्या रानांत २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं 'अवनी' या नांवानें गाजलेली वाघीण गोळी घालून मारण्यांत आली. वनखात्यानें तेरा माणसांचे बळी तिच्या नांवावर मांडले होते. तिचीं दोन पिलें वर्षाचींही झालीं नव्हतीं. त्यांतील मादी डिसेंबरांत पकडून पेंचच्या बंदिस्त आवारांत नेण्यांत आली. तेथें माणसांपासून दूर ठेवून, जिवंत भक्ष्य सोडून तिला शिकार करूं देण्यांत आली, आणि ५ मार्च २०२१ रोजीं, सुमारे तीन वर्षांची झाल्यावर, तिला पेंचच्या मोकळ्या रानांत सोडलें. तीनच दिवसांनीं ती दुसऱ्या वाघिणीशीं झालेल्या झुंजींत घायाळ झालेली आढळली. गोरेवाडा येथें उपचार चालू असतां त्याच महिन्याच्या मध्यास ती मेली. तिचा अभ्यास पुरा झाला होता असें आमचें मत आहे. पण आवाराच्या जाळीबाहेरचें प्रत्येक रान कोणाच्या तरी मालकीचें असतें, हा धडा भक्ष्य सोडून शिकवितां येत नाहीं. तो शिकविणारी आईच असते, आणि तीही पोरीस दुसऱ्या वाघिणीच्या हद्दींत एकटी पाठवीत नाहीं.

या दोन्ही वेळीं आमच्याकडील सुशिक्षित घरांत जो वाद झाला तो वाघिणीच्या स्वभावाविषयीं होता. एका पक्षाच्या मतें अशी वाघीण नरभक्षक, दुसऱ्याच्या मतें निष्पाप. तिला नेऊन सोडावयाच्या रानाचा स्वभाव कोणी विचारला नाहीं. बोर किती मोठें, तेथें कोण राहतें, त्याच्या कडेस कपाशी कोठून सुरू होते, या गोष्टी वादापेक्षां नकाशावर लवकर समजल्या असत्या. वनखात्यांत हा हिशेब जाणणारे लोक आहेत. पण पकडलेली वाघीण पिंजऱ्यांत फार दिवस ठेवणें त्यांस परवडत नाहीं, एकीकडे मंत्री व दुसरीकडे प्राणिमित्र दारांत उभे असतात, आणि मग जवळचें रान तेंच योग्य रान ठरतें.

पुढें निवड बदललेली दिसते. २० मे २०२३ रोजीं ब्रह्मपुरीच्या भागांतील दोन वाघिणी नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत सोडण्यांत आल्या. या रानांत भक्ष्य होतें आणि वाघ थोडे होते. म्हणूनच तें निवडलें होतें. एप्रिल २०२४ मध्यें तिसरी वाघीण तेथेंच नेली. ती मात्र तेथें न राहतां मध्यप्रदेशाच्या हद्दींत निघून गेली. नागझिऱ्याहून कान्हा व पेंच यांच्याकडे रानांची ओळ अजून बरीचशी शिल्लक आहे.