पान्ह्याचं रसायन

मंचर परिसर दुधाचा. धार काढण्याआधी वासरू सोडायची इथली रीत जुनी: त्यानं दोन ढुशा दिल्या की गाय पान्हवते. वासरू दगावलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवण्याची चालही कित्येक ठिकाणी होती. काम क्रूर, पण शरीरशास्त्र बरोबर!

सडांना स्पर्श होताच मेंदूलगतची पीयूष ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. ते कासेत पोचलं की दूधपेशींभोवतीची आवरणं आवळतात, दूध उतरतं. बाळाला पाजणाऱ्या आईचंही हेच. गाय बिचकली, तर ॲड्रिनलिन आडवं येतं. धारेच्या वेळी कुत्र्याला हाकलणारी आजी शहाणीच.

नऊ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक विन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवलं. १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं. मग या कृत्रिम संप्रेरकाचं इंजेक्शन आलं, बाळंतिणींसाठी.

दुधासाठी ते जनावरांना टोचणं भारतात बेकायदा आहे.