बेण्याची गोण

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्याच्या तोंडाशी बटाट्याची लागवड सुरू होते. त्याआधी पंजाबातून बेण्याचे ट्रक येतात. माती इथली, कसब इथले. मग बेणे इतक्या लांबून का? या प्रश्नाचा माग काढत मी बटाट्याच्या इतिहासात शिरलो.

बटाट्यातला विषाणू बेण्यातून पुढच्या पिकात उतरतो आणि उत्पन्न हंगामागून हंगाम घसरत जाते. त्याचा मोठा वाहक म्हणजे मावा. म्हणून पूर्वी निरोगी बेणे थंड डोंगराळ भागातूनच आणत. ते अपुरे पडे आणि उत्तरेतल्या ऑक्टोबरच्या लागवडीला वेळेवर कोंबही धरत नसे.

१९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली; १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली. तिथल्या डॉ. पुष्करनाथ यांनी मैदानातच बेणे तयार करण्याची पद्धत बसवली. मावा कमी असतो त्या थंडीत पीक घ्यायचे, रोगट झाडे उपटायची आणि शंभर पानांमागे मावा विसांवर जाण्याआधी पाला कापून टाकायचा. पाला हिरवा असतानाच कापायचा म्हणजे हाताशी आलेल्या उत्पन्नाचा काही भाग सोडून द्यायचा. शेतकऱ्यांनी तो धीर धरला, म्हणून प्रयोगशाळेतला विचार शिवारात उतरला. जालंधरचा परिसर बेण्याचे आगर झाला. दख्खनला मावा नसलेली एवढी लांब थंडी मिळत नाही; म्हणून ट्रक आजही येतात.

पुढे वेफर्सचे कारखाने आले. साखर जास्त असलेला बटाटा तळताना काळपटतो आणि शीतगृहात तर ती आणखी वाढते. कारखान्यांना कमी साखरेचा, वीस टक्क्यांहून अधिक घनपदार्थ असलेला बटाटा हवा होता. संस्थेने १९९८ मध्ये 'कुफरी चिप्सोना-१' आणि '२' हे वाण दिले. उत्तरेत केवळ साठवणीतला माल उरतो, तेव्हा सातगाव पठारावर खरिपाचा ताजा बटाटा निघतो. त्यामुळे कंपन्या करार घेऊन पठार चढल्या.

संशोधक, कारखानदार आणि शेतकरी असे तिघे एकत्र आले खरे. पण जोखीम सारखी वाटली गेली नाही. वाण फसला तर संशोधक दुसरा काढतो, माल उतरला नाही तर कारखाना दुसरीकडून घेतो. नाकारलेली गोण मात्र शेतकऱ्याच्याच बांधावर राहते. हिरवा पाला कापणाऱ्या त्या पहिल्या शेतकऱ्यांची नावे मला कुठल्याही अहवालात सापडली नाहीत. पुढचा करार लिहिताना निदान त्यांच्या वाट्याची जोखीम तरी कागदावर यावी.