कोरड्या पोशाखाला पाडलेलं भोक

धुळ्याहून सुरतेला जाताना कडोदरा चोकडी लागते. इथल्या मिलांमधून पॉलिएस्टरचे तागे निघतात आणि ते काढणाऱ्यांत खान्देशी माणूस हमखास भेटतो. याच पॉलिएस्टरचा एक थर, नायलॉनचा दुसरा आणि मधे ब्यूटाइल रबर, असं कापड थंड समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या अंगावर असतं. हा ड्रायसूट. मनगटाला आणि गळ्याला घट्ट रबरी पट्ट्या, बूट सूटलाच जोडलेले. थेंबभर पाणी आत येता कामा नये.

दोन कापडांत रबर कोंबायची युक्ती चार्ल्स मॅकिन्टॉशची, 1823ची, रेनकोटासाठी. पुढच्या दशकात लंडनच्या ऑगस्टस सीबने शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख केला. पाणी बाहेर ठेवायचं कोडं असं सुटलं, पण आतल्या पाण्याचं काय?

पाण्यात उतरलं की लघवी लागतेच. हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीराचा समज होतो की रक्त फार झालं, आणि मूत्रपिंडं जोमाने कामाला लागतात. गॉअर आणि हेन्री यांनी 1950च्या दशकात हृदय आणि लघवी यांचं हे नातं उलगडलं. थंडी त्यात भर घालते. यावर पाणबुड्यांनी शोधलेले उपाय दोन: मोठ्यांचा डायपर, नाहीतर सकाळपासून पाणीच न पिणं. दुसरा जास्त वाईट, कारण शरीर कोरडं पडलं की वर येताना रक्तात बुडबुडे होण्याचा धोका वाढतो असं मानतात.

तोडगा निघाला तो अगदी साधा: मांडीवर सूटला भोक पाडून तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची. तिचं नाव पी-व्हॉल्व्ह. आतून नळी आणि नळीच्या टोकाला कंडोम कॅथेटर, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी मेडिकलमध्ये मिळतो तोच. फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांत तासन् तास राहणाऱ्यांना त्याविना गत्यंतर नव्हतं. सुरुवातीच्या झडपांत एक खोट होती. खोल जाताना नळीतली हवा आकसे आणि नको तिथे आवळा बसे. मग सूटमधली हवा नळीत शिरायला बारीक वाट ठेवली, दाब सारखा झाला. बायकांसाठी अंगाला चिकटवायचा कप यायला मात्र बराच काळ गेला. मला वाटतं, इथे अडलं ते तंत्र नव्हे, लाज. अंतराळवाल्यांनीही या गरजेचा विचार असाच टाळला: 1961मध्ये अ‍ॅलन शेपर्डचं उड्डाण पंधरा मिनिटांचं म्हणून सोयच केली नव्हती, प्रक्षेपण तासन् तास रखडलं आणि त्याला सूटमध्येच मोकळं व्हावं लागलं.

भोक म्हटलं की जंतू आले. 2009मध्ये ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी या झडपेमुळे झालेले मूत्रमार्गाचे संसर्ग आणि दाबाच्या इजा नोंदवल्या. 2018मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांना बाहेर काढताना भूल देणारे हेच हॅरिस. हे संसर्ग टाळायचे म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर नळी जंतुनाशकाने धुवायची.

तारकर्लीच्या कोमट पाण्यात ड्रायसूट लागत नाही. तिथे पाणी आत येऊ देणारा वेटसूट, आणि त्यात सगळे काय करतात हे कुणी बोलत नाही. पाणी भरपूर प्या, आणि भाड्याचा सूट परत देण्याआधी नीट खळबळून द्या.