पीटर सशाचें रंगीत नाणें

जुन्या पत्रावर मागाहून कोणी शाई फिरविली असल्यास मूळ हात कोणता व मागाहूनचा कोणता, हें संशोधकास आधीं ठरवावें लागतें. बालकथेंतील पात्रांच्या रंगीत नाण्यांविषयींहि हाच प्रश्न उत्पन्न झाला आहे.

पीटर सशाचें मूळ एका पत्रांतच आहे. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेनें ता. ४ सप्टेंबर १८९३ रोजीं नोएल मूर नांवाच्या आजारी मुलास एक सचित्र पत्र लिहिलें. त्यांत ही कथा प्रथम आली. मुलानें पत्र जपून ठेविलें होतें, म्हणूनच पुढें तें परत मागवून घेऊन बाईंना त्यावरून पुस्तक रचितां आलें. डिसेंबर १९०१ मध्यें त्यांनीं स्वखर्चानें २५० प्रती छापविल्या. त्यांत मुखचित्र तेवढें रंगीत होतें. ऑक्टोबर १९०२ मध्यें फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीनें काढलेल्या आवृत्तींत चित्रें रंगीत झालीं. म्हणजे पत्रांतील ससा केवळ रेघांचा. रंग मागाहूनचा, परंतु लेखिकेच्याच हातचा.

बाईंच्या जन्मास १५० वर्षें झालीं त्या निमित्तानें रॉयल मिंट या ब्रिटिश टांकसाळीनें २०१६ सालीं पन्नास पेन्सांचीं पांच प्रकारचीं नाणीं पाडलीं. एक लेखिकेच्या स्मरणार्थ असून उरलेल्या चोहोंवर पीटर ससा, जेमायमा बदक, नट्किन खार व टिगी-विंकल बाई आहेत. आकृति एमा नोबल यांच्या आहेत. चलनी नाणें सप्तकोणी, तांबें ७५ व निकल २५ टक्के, व्यास २७.३ मिलिमीटर, वजन ८ ग्रॅम. जेमायमेचीं नाणीं सुमारें २१ लक्ष निघालीं. या चलनी नाण्यांवर रंग नाहीं. टांकसाळीनें रंग दिला तो संग्राहकांकरितां पाडलेल्या ९२५ कसाच्या रुप्याच्या नाण्यांवर; त्यांचा व्यास व वजन मात्र तेंच.

पुढें खाजगी व्यापाऱ्यांनीं साध्या चलनी नाण्यांवर रंग चढवून तीं विकण्यास काढलीं. डबी व प्रमाणपत्र हरवल्यावर केवळ तोलून वा मापून हे दोन प्रकार ओळखतां येत नाहींत. परंतु नाणें दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोललें असतां रुप्याच्या नाण्याचें वजन सुमारें ०.७७ ग्रॅम घटतें, तांबें-निकलच्या नाण्याचें सुमारें ०.८९ ग्रॅम. या परीक्षेंत नाण्यास ओरखडाहि पडत नाहीं.

ही कसोटी २०१६ च्या मालिकेपुरतीच समजावी. २०२० मध्यें विनी-द-पू या अस्वलाच्या मालिकेंत टांकसाळीनें स्वतःच तांबें-निकलच्या नाण्यांवरहि रंग दिला. तेथें धातु साक्ष देत नाहीं, मूळ वेष्टण व कागद हेच पुरावे उरतात.

मागाहून रंगविलेलें नाणें खोटें नव्हे. नाणें खरें, रंग परका. यास्तव संग्रहाच्या यादींत नाणें आणि रंग यांची नोंद वेगवेगळी करावी, व डबींतील कागद नाण्याइतकाच जपावा. नोएलनें पत्र टाकून दिलें असतें तर पीटर सशाचें मूळ आज दाखवितां आलें नसतें.